सांतापूरचे सदाअण्णा

सदाअण्णा कोल्हापूरच्या जकात नाक्यावर कारकून होते. पण "आमची नगरपालिका" म्हणाले की ती कोल्हापूरची नव्हे. ती समुद्रापलीकडं, दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरात. नवा माणूस हमखास फसायचा. एकदा एक पावणं आमच्या दारात दूध पीत गटार तुंबल्याचं रडगाणं गात होतं. अण्णा म्हणाले, "आमच्याकडं नगराध्यक्ष स्वतः खोरं घेऊन गटारात उतरतो."

"कुठली पेठ म्हणायची तुमची?"

"पेठ न्हवं. बोलिव्हिया."

पावण्यानं गिलास खाली ठेवला आणि मला हळूच विचारलं, "दुधात काय घालतासा काय हो?"

मी गवळी माणूस. शाळा चौथीपर्यंत, ती बी मारून मुटकून. गंगावेशीजवळच्या बोळात आमचं घर. म्हैस दारातच बांधायची. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की त्याच्या देखत धार काढून फेसाळ दूध गिलासात द्यायचं. धार माझी बायको हौसा काढायची. म्हैस तिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. मी आपला गिलास विसळायचा धनी.

अण्णा समोरच्या माडीवर एकटेच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पांढरं फेक धोतर. शेणाजवळनं जाताना धोतर दोन बोटांनी असं उचलायचे की वाटावं, राणी सरकार चाललंय. धारेच्या वेळी म्हशीच्या तोंडाजवळ उभे राहायचे आणि सुरू करायचे, "काल आमच्याकडं सभा झाली."

हे गाव त्यांना भडंगाच्या पुडीत घावलं. पुडीचा कागद कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाचा होता. त्यात लिहिलेलं, सांता-अमुकतमुक नावाचं गाव, एक नगराध्यक्ष, पाच नगरसेवक, वस्ती आपल्या गडमुडशिंगीपेक्षा कमी. पान तिथंच फाटलेलं. दुसरा असता तर तोंड पुसून कागद टाकून दिला असता. अण्णांनी गाव पुढं चालवायला घेतलं. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बोळानं त्याचं सांतापूर केलं.

लोक गंमत म्हणून ऐकायचे. हौसा मात्र मनापासून ऐकायची. एकदा अण्णा तोंड पाडून आले.

"वैनी, वस्ती घटाय लागलीया. पोरं खाणीवर पळाय लागल्यात."

हौसा धार काढता काढता म्हणाली, "मग एक तालीम बांधा की. खुराक द्या. कशाला जातील पोरं?"

अण्णांनी जरा विचार केला. "ठराव मंजूर," म्हणाले.

एका साली तर सांतापुरात निवडणूक लागली. आता कोल्हापुरात निवडणूक म्हटल्यावर, ती कुठली का असंना, माणूस गप्प बसतोय होय? अण्णा जुन्या नगराध्यक्षाच्या बाजूचे, म्हणून आमच्या बोळातल्या तालमीतली पोरं विरोधकाच्या बाजूला. बोळात उभे दोन गट पडले. एकानं हलगी आणली, एकानं गुलाल. निकाल सांगायची अण्णांची छाती होईना. "मतमोजणी चालू हाय," एवढंच म्हणत राहिले. शेवटी दोन पैलवान माझ्या दारातच एकमेकांच्या गळपट्टीला भिडले. तेव्हा हौसा ओरडली, "मुडद्यानो, म्हस बुजतीया! दोघांस्नी निम्मा निम्मा वेळ द्या की खुर्चीवर!"

हा तोडगा आमच्याकडच्या पुढाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला. दोन्ही गटांनी गुलाल उधळला. म्हैस दोन दिवस तांबडी होती.

मी बी हसायचो. पण खरं सांगतो, मी लई पुढारी बघितले. दमडीचा फायदा नसताना इतकी वर्षं गाव सांभाळलेला हाच एक माणूस बघितला. सांतापुरात कुणी उपाशी निजलं तर अण्णांना इकडं घास गोड लागत नव्हता.

मग हौसा गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. घरात भांडं वाजायचं बंद झालं.

म्हशीनं पान्हा चोरला. सरकी पेंड घातली, रेडकू लावलं, पाठीवर हात फिरवला. थेंब नाही. लोक म्हणाले, "दादू, बायकोचं लुगडं गुंडाळून बस. वासानं सोडंल." ही रीत मला ठाऊक होती. पण लुगडं हातात घ्यायचो आणि परत घडी घालून ठेवून द्यायचो. गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याला सांगावा धाडला, म्हैस घेऊन जा. म्हैस गेली की दाराला कुलूप लावायचं आणि लेकीकडं जाऊन पडायचं, एवढंच ठरवलं होतं.

व्यापारी यायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आले. "वैनींचं लुगडं द्या," म्हणाले.

"काय करतासा?"

"द्या म्हंतो न्हवं!"

त्यांनी कोट-टोपीवरनं लुगडं पांघरलं, डोक्यावरनं पदर घेतला आणि त्या पांढऱ्या धोतरानिशी म्हशीच्या तोंडाशी शेणातच बसले. तालमीतली पोरं दारात उभी होती. एक बी हसला नाही.

"मला धार काढाय येत न्हाय," अण्णा म्हणाले. "ती तुम्ही काढा. मी बोलत बसतो."

आणि त्यांनी सुरू केलं, "काल आमच्याकडं सभा झाली..."

म्हशीनं लुगडं हुंगलं. कान टवकारला. एवढी वर्षं धारेच्या वेळी हाच आवाज तिच्या कानात जात होता, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं. सड भरले. बादलीत माझ्या हातची पहिली धार वाजली. व्यापारी दुसऱ्या दिवशी रिकाम्या दाव्यानं परत गेला.

पण त्या संध्याकाळचं सांगतो. अण्णा म्हशीच्या कानाशी लागून अगदी हळू बोलत होते.

"गावात नवी बाई आलीया. आपल्याच हिकडची. तिला घर द्यायचा ठराव झाला. नळाजवळचं. एकाचा बी विरोध न्हाय..." पदरानं तोंड पुसून परत म्हणाले, "एकाचा बी न्हाय."

माझा हात थांबला. एवढ्या वर्षांत त्यांच्या त्या गावाबद्दल मी एक शब्द विचारला नव्हता.

"घराला म्हस बांधायपुरतं परसू हाय का, अण्णा?"

"हाय की. लई मोठं हाय. तुम्ही धार थांबवू नगा."