सात मिनिटांची सुट्टी

हेड ऑफिसातल्या बड्या धेंडांनो, हा सगळा घोटाळा तुमचा आहे! "सिगरेटची सुट्टी सात मिनिटांवर आणा, नाहीतर सुपरवायझर बदलू," हे फर्मान तुमचंच. जेपारा गावातल्या लाकडी नक्षीकामाच्या कारखान्यात कधी पाऊल तरी टाकलंय का?

प्रसोजो नुकताच सुपरवायझर झालेला, तोही कच्चा. बुधवारच्या तपासणीत पास झाला तर कायम, नाहीतर पुन्हा ट्रकवर खुर्च्या चढवायला! करवतीच्या घरघरीत घंटा ऐकू जाईना, म्हणून पठ्ठ्याने बाजारातून कंतोंगान आणलं. गावागावात बडवतात तो पोकळ लाकडी ठोकळा.

"आजोबा, आता बघाच! टोले पडले की सुट्टी खलास!"

"वाजवता येतं का पण?" कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर कर्सो आजोबांनी लवंगेच्या सिगरेटचा धूर सोडत विचारलं.

"लाकडावर लाकूड आपटायचं! त्यात काय शिकायचंय?"

जकार्तात वाढलेला गडी तो! बुधवारी सकाळी मागच्या शेडमध्ये चाळीस जण धूर काढत होते. प्रसोजोने भारदस्तपणे हाणलं. ठण... ठण... ठण...

चाळीसही जण चिडीचूप! सिगरेटी विझल्या. प्रसोजोची छाती ही एवढी फुगली!

"कोण गेलं रे?" आजोबांनी टोपी नीट करत हळूच विचारलं.

सावकाश टोले म्हणजे मयत, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल! दहा मिनिटांत अर्धं गाव आत. बाया मयताच्या घरी द्यायचे तांदूळ घेऊन आल्या. पुरुष मांडी ठोकून बसले, आणि मयताला बसल्यावर करतात तेच केलं. सिगरेटी पेटवल्या! चाळीसाचे दोनशे झाले!

"अहो, कुणी मेलेलं नाही! उठा!" प्रसोजो बोंबलला.

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," एक बाई कळवळली. "घरातलंच कुणीतरी असणार. चहा पाजा रे त्याला!"

प्रसोजोचं डोकं सटकलं. त्याने कंतोंगान तडातडा तडातडा बडवलं.

"आग! आग लागली!" भराभर टोल्यांचा दुसरा अर्थच नाही. आणि धूर तर ढगासारखा समोर! बादल्या, घागरी, पिंपं, सगळं शेडवर उपडं झालं. तेवढ्यात तपासनीस हांदोयो साहेब आत शिरले. "काय चाल..." एवढंच बोलले. पुढचं बादलीभर पाण्यासकट गिळलं!

साहेब भिजले, कबूल. पण पाण्याच्या माऱ्याने शेड आडवी झाली, गावभरच्या सिगरेटींचा लगदा झाला, दिवसभर कुणी एक झुरका घेतला नाही. सात मिनिटं मागितली होतीत ना? शून्य करून दिली! मग प्रसोजोला कायम करताय की ट्रकवर धाडताय? एकमेकांची तोंडं काय बघताय? उत्तर द्या!