मास्तरांची मंडळी

संध्याकाळी दुधाला विरजण लावलं की दामूमास्तर कुजबुजत बोलत. चौलच्या पोस्टात नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घरी खोली घेतली. पहिल्याच दिवशी पडवीत ट्रंक जरा जोरात ठेवली, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू. मंडळी कामाला लागलीत." मला वाटलं, आत भजनाला बसलेत. आत चुलीपाशी मफलर गुंडाळलेलं एक मडकं होतं.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दह्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव, ती त्यांची मंडळी. आंबोळीचं पीठ फुगवणारीही तीच, मिठाच्या पाण्यातली भाजी आंबवणारीही तीच. "लाखो आहेत, पण एक दिवस कुणी गैरहजर नाही," ते कौतुकाने सांगत. कुणाचं पोट बिघडलं की तांब्याभर ताक देऊन बजावत, "मंडळी पाठवतोय, नीट वागव त्यांना."

ताक हवं तेवढं. विरजण मात्र कुणालाच नाही. "परक्या घरी हाल होतात त्यांचे."

ते विरजण त्यांच्या बायकोनं माहेराहून, म्हसळ्याहून आणलेलं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्याविषयी मास्तर कधी बोलत नसत. सुपारीच्या वाडीतून समुद्राची गाज यायची, घरभर तापल्या दुधाचा वास भरून राहायचा, आणि मास्तर डोळे मिटून मडक्याशेजारी बसायचे.

एका श्रावणात ते तापाने पडले. विरजण लावायचं काम माझ्याकडे आलं. "दूध कोमट असू दे," त्यांनी दोनदा सांगितलं. माझं कोमट फार गरम निघालं, आणि विरजण मी होतं तेवढं सगळं घातलं. सकाळी मडक्यात नुसतं दूध.

मास्तरांनी बोट बुडवून चाखलं. रागावले नाहीत. "गेली," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

दोन घरांमधला दगडी गडगा ओलांडून मी शेजारच्या द्वारकाबाईंकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दह्याची वाटी घेऊन माझ्याबरोबर आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मास्तर, ह्ये तुमच्याच घरचं हाय. बाईंनी गडग्यावरून दिलं व्हतं. तुम्हाला सांगू नको म्हनल्या."

मास्तरांनी दही जिभेवर ठेवलं. डोळे मिटून म्हणाले, "म्हणजे माझं ऐकलंच नाही तिनं." मग हळूच, "बरं केलं."

द्वारकाबाई निघाल्या, तेव्हा मास्तर कोपरावर उठले. "गडग्यापाशी आणखी काय बोलायची ती?"

"लई बोलायच्या. तुमच्या चालीची नक्कल करून दावायच्या." द्वारकाबाई उंबऱ्यापाशी टेकल्या.

मी पोस्टात गेलो. दुपारी जेवायला आलो तरी त्या सांगतच होत्या. मास्तर पांघरूण गुडघ्यांवर ओढून बसले होते आणि मध्येच म्हणत होते, "ते पुन्हा एकदा सांगा."