अकरा वाजता विझलेली आग

नगरपंचायतीला शासनाच्या निधीतून अग्निशमन बंब मिळाला, त्या दिवशी बंबाला हार घालण्यात आला आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. नगरपंचायत वर्धा जिल्ह्यातली. नाव सांगत नाही, उगाच खुलासे मागवतील. निधीत बंब होता, माणसं नव्हती. म्हणून घंटागाडीवरचा लहानूच चालक, फायरमन आणि केंद्रप्रमुख झाला. अट एकच होती: डिझेल फक्त आगीसाठी.

बंब उभा राहायचा तिथून हाकेच्या अंतरावर लहानूच्या मोठ्या बहिणीचं, धुरपताबाईंचं, गाद्या भरायचं दुकान होतं. आत आढ्यापर्यंत कापूस.

"लहानू, टाकी भरून ठेवत जाय बाप्पा," त्या रोज बजावायच्या. "कापसाले ठिणगी पुरते."

लहानू भरून ठेवायचा. पण मे महिन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि लग्नं मात्र रोज! पहिला अर्ज नगरसेवकाचा आला: पुतण्याच्या लग्नाला एक टाकी, लोकहितार्थ. मुख्याधिकारी साहेबांनी तो तत्परतेने मंजूर केला. अडचण रजिस्टरची होती. त्यात लग्नाचा रकानाच नव्हता.

"मग आग लिही," साहेब म्हणाले. "अर्जावरचा पत्ता टाक. कारण विजेची ठिणगी, आग विझवली, हानी निरंक."

त्यानंतर गावात आगींचं पेव फुटलं. गुरुजींच्या घरी लागली, तलाठ्याच्या घरी लागली; सोसायटीच्या अध्यक्षांना दोन मुली, तिथे दोनदा लागली. प्रत्येक आगीत लहानूला दुपट्टा-टोपी मिळाली, वर जिलेबी. बघता बघता पस्तीस आगी झाल्या, सगळ्या विझल्या, कुणाचं काडीचं नुकसान नाही. वरिष्ठ कार्यालयाने अभिनंदनाचं पत्र धाडलं आणि दुसरा बंब मंजूर केला. ज्या गावांत खरोखर काही जळलं होतं ती गावं मागे पडली, कारण त्यांची कामगिरी समाधानकारक नव्हती.

मग धुरपताबाईंच्या मुलीचं, नंदिनीचं, लग्न ठरलं. त्यांनीही टाकी मागितली, तेव्हा लहानू म्हणाला,

"बाई, तूच तं म्हणते, टाकी भरून ठेव!"

"गावातल्या पोरीइले टाक्या देल्ल्या, अन् भाचीच्या लग्नात मामा कायदा सांगून राह्यला काय? एकच दे."

मामाचं काळीज ते. लहानूने एक दिली. अर्जावर पत्ता दुकानाचा होता, तोच रजिस्टरात उतरला: सकाळी अकरा, धुरपताबाईंचं गादी दुकान, विजेची ठिणगी, आग विझवली, हानी निरंक.

दुपारी एक वाजता ऐन पंगतीत कुणीतरी ओरडत आलं, "बाई, दुकानातून धूर निघून राह्यला!"

लहानू ताटावरून उठला, भोंगा वाजवत बंब नेला, पाइप उघडला. पाइपाने चुळभर पाणी टाकलं आणि नुसती हवा सोडली. पाणी पंगतीत होतं. वऱ्हाडाने मोबाइल वर धरले, बादली कुणी धरली नाही. कापूस तो, तासाभरात शिलाई मशीनचं लोखंड तेवढं उरलं. लहानू रस्त्यातच बसला आणि ढसाढसा रडला.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाई भरपाईचा अर्ज घेऊन गेल्या. साहेबांनी रजिस्टर उघडलं.

"बाई, तुमची आग अकरालाच विझली आहे. हानी निरंक."

"साहेब, ते लग्न होतं!" लहानू म्हणाला.

"म्हणजे शासकीय डिझेल तू लग्नाला जाळलंस? तसं लिहून दे."



"मंग एक वाजता माहं जळलं, ते काय होतं?" धुरपताबाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "नोंदीनुसार, लग्न."

लहानूने एक कागद केला: 'आमच्या घरी आग नव्हे, लग्न होतं. टाकी आम्हीच नेली.' तो घरोघरी फिरला. सगळ्यांनी बसवलं, चहा दिला, हळहळ व्यक्त केली. सही कुणी केली नाही. उलट चौघांनी विचारलं, दुसरा बंब कधी येतो? तुळशीच्या लग्नानंतर पोराचं उरकायचं होतं.

कागदावर सहीची जागा अजून कोरीच आहे. त्या पंगतींत आपणही होतो. जेवण झाल्यावर हातावर गार पाणी पडलं, तेव्हा ते कुठून आलं हे आपण विचारलं नव्हतं. पेन देऊ?