खारवलेलं डुक्कर, नदी आणि ओबेडायाची नाव

राज्यघटना नेहमी थोडक्यात लिहावी. मग न लिहिलेलं वाचायला न्यायाधीश नेमता येतात. आमच्या अमेरिकेनं ही दूरदृष्टी पहिल्यापासून दाखवली.

न्यायाधीश सात. राजधानीत सगळे एकाच खाणावळीत उतरतात, एकाच टेबलाशी जेवतात, त्यामुळे निकाल बहुधा एकमतानं लागतो. (मतभेद झालाच तर रश्श्यावरून होतो.)

अठराशे चोवीसच्या सुमारास नदीपलीकडच्या राज्यानं आमच्या खारवलेल्या डुकरावर जकात बसवली. आमचं टकर्स लँडिंग गाव थेट राजधानीच्या कोर्टात गेलं. घटनेनुसार दोन राज्यांमधला व्यापार केंद्र सरकारच्या हाती. कोर्टानं विचार केला: डुक्कर हा व्यापार, डुक्कर नदीवरून जातं म्हणून नदी हाही व्यापार, आणि नदीवर जे जे तरंगतं तेही केंद्राचं. (बदकांचा निकाल राखून ठेवलाय.) जकात उडाली. गावानं तीन दिवस सफरचंदाची सायडर ढोसली. एकशेचार माणसांपैकी एकशेतीन जणांना न्यायाची थोरवी पटली. उरलेला ओबेडाया ट्रास्क नाव वल्हवत होता. पाहुण्यांना सायडरसाठी तोच आणत होता.

माणसांना नदीपार नेण्याचा हक्क त्या एकट्याचा. पुरात त्यानं अकरा जणांना वाचवलं, म्हणून आमच्या राज्यानंच तो दिला होता. पुढच्या महिन्यात केंद्राचा परवाना घेऊन आगबोट आली. आगबोटवाल्यांनी तोच निकाल दाखवला, आणि म्हाताऱ्याचा हक्क बुडाला.

ओबेडाया माझ्या दुकानात आला. "डुकरासाठी शंभर सह्या केल्यात, माझ्यासाठी एक अर्ज लिहा की."

"काका, जीव तुटतो हो तुमच्यासाठी," दुकानात बसलेले आमचे पाद्री हॉजकिस म्हणाले. "पण तुमची नाव वाचवायची तर तो निकाल मोडायला हवा. मग डुकराचं काय?"

"त्या अकरांतले तुम्ही सातवे होतात, पाद्रीबाबा."

"म्हणून तर जीव तुटतो."

मी आठवा होतो. मला त्या दिवशी शाईची बाटली काही केल्या सापडेना.

आगबोटीच्या पहिल्या फेरीला सगळं गाव लोटलं. ओबेडाया काठावर उभा होता. आम्ही सगळ्यांनी बोटीवरून त्याला मनापासून हात केला. लाज वाटली, नाही कशाला म्हणू.

तुम्हाला आमचा संताप आला असेल, तर तुम्ही सज्जन आहात. फक्त एवढं सांगा: आगबोट चौदा मिनिटांत पोचते, नाव पाऊण तासानं. तुम्ही कशात बसला असतात?