दारं नसलेल्या खोल्या

पापनाशमच्या भट्टीवरून विटा बघून रघुपती दोन दिवसांनी तंजावरला परतला आणि बांधकामावर पाऊल टाकताच जागच्या जागी थिजला. त्याच्या हातचं पहिलंच स्वतंत्र काम, म्हाताऱ्या माणसांचा निवास. जोत्यावर खोल्यांच्या भिंती गुडघ्याच्या वर आल्या होत्या आणि एकाही खोलीला दार नव्हतं.

"सुब्रमण्यम, दारं कुठं आहेत?"

"नाहीत, सार," मेस्त्री शांतपणे म्हणाला. "तुम्ही चुन्यानं रेघा आखल्या होत्या, त्यांवरच बांधलं."

"रेघांमध्ये मी दारांसाठी जागा सोडली होती."

"होती. पण तुम्ही गेलात त्याच पहाटे तुमच्या आईनं येऊन सगळ्या बुजवल्या. इंजिनिअरच्या आईला मी काय विचारणार?"

रघुपतीनं कपाळाला हात लावला आणि तडक घर गाठलं. वेंकूबाई भाजी चिरत होत्या.

"मुहूर्ताची रांगोळी घालायला गेले रे मी. बघते तर सगळ्या रेघा तुटक. रांगोळीची रेघ कुणी उघडी ठेवतं काय? म्हातारी माणसं राहायची तिथं. मग जोडून टाकल्या."

"आई, ती रांगोळी नव्हती. नकाशा होता."

"मग तसं सांगून जायचं."

रघुपतीनं घड्याळ पाहिलं. संध्याकाळी निवासाला देणगी देणारे हनुमंतराव पाहणीला यायचे होते, आणि काम आवडलं नाही तर मद्रासचा इंजिनिअर आणू असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तोवर भिंती फोडणंही शक्य नव्हतं.

हनुमंतराव आले ते एकटे नव्हे, निवासात येऊ घातलेल्या चार-पाच म्हाताऱ्यांना घेऊन. आत जायला वाट नाही म्हटल्यावर म्हातारे थोडे घुटमळले आणि दमून भिंतीवरच बसले. या खोलीच्या भिंतीवरचा त्या खोलीच्या भिंतीवरच्याच्या समोर आला. कुणी पानाचा डबा काढला, कुणी कुंभकोणमच्या व्याह्यांची निंदा सुरू केली. हां हां म्हणता हसण्याखिदळण्यानं जोतं दणाणून गेलं.

"छान आहे हे," हनुमंतराव म्हणाले. "भिंती इथंच थांबवा. वर खांब घ्या, छत टाका. निजायच्या खोल्या कडेनं काढा."

"पण प्रत्येकाला स्वतंत्र खोली, शांतता..." रघुपती चाचरला.

"शांतता घरी भरपूर आहे हो," एक म्हातारा म्हणाला.

काम वाचलं. रघुपती जवळजवळ धावतच घरी आला आणि आईला सगळं सांगितलं. वेंकूबाईंनी विळी बाजूला सारली.

"मग माझी पण जागा तिथं धर."

"तुझी? तुला घर आहे की."

"आहे की. तू सकाळी जातोस. तुझी बायको राजम शाळेत शिकवायला जाते. तुझे बाबा तिरुवैयारूला गाणं शिकवायला जातात ते रात्रीच येतात. मी दिवसभर भिंतींशी बोलते. तिथं भिंतीवर माणसं तरी असतील."

"आणि बाबा?"

"यायचं असलं तर येतील. निजायला मात्र मला रस्त्याकडची खोली पाहिजे."

वृद्धांची सोय ही काळाची गरज आहे, असं भाषण रघुपतीनं पायाभरणीला केलं होतं. ते भाषण आता त्याला आठवलं. खूप वाईट वाटलं त्याला. त्यानं नकाशा उलगडला.

शांतता हवी म्हणून रस्त्याच्या बाजूला त्यानं एक खिडकीसुद्धा ठेवली नव्हती.