राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणं

आमचे शेजारी तातू दगडांची हजेरी घेतात. इब्रामपूरच्या पुढे, गोवा संपून महाराष्ट्र लागतो तिथं, पोर्तुगीज अमदानीतले हद्दीचे दगड आहेत, आकडे कोरलेले. तातू प्रत्येकाला काठी टेकवून विचारतात, "पंचेचाळीस? आसा! सेहेचाळीस? आसा!" मग वहीत खूण. सर्वे खात्यातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी!

सत्तेचाळीस मात्र दोन वर्षं सापडत नव्हता. "काजू लावताना कुणी उपटला असेल," असं मी म्हटलं की डोळे वटारायचे, "फातर चुकना रे, मनीस चुकता!" गुडघे गेलेले, डॉक्टरांनी डोंगर बंद सांगितलेला. "सत्तेचाळीस गावलो की बंद," एवढंच उत्तर.

मला न्यायचे ते माझ्या स्कूटरसाठी. पिशवीत दोन उंडे, गोल कडक पाव. एक दोघांत अर्धा अर्धा. दुसऱ्याला हात लावला की ओरडलेच, "तो न्हय!" तो संध्याकाळी कडक होऊन घरी परत. म्हातारा चिक्कू आहे झालं, असं मी धरून चाललो होतो.

वाटेवर काजूच्या बागेत राखणदाराचं स्थान होतं. तेलाशेंदराची जाड पुटं चढलेला दगड. तातू दर खेपेला चपला काढून, विडी ठेवून गाऱ्हाणं घालायचे, "बा राखणदारा, सत्तेचाळीस दाखय!" मागून माझं "व्हय म्हाराजा!"

गेल्या माघात काजू मोहरला होता. गोड वासानं सगळा डोंगर गुंगलेला, ऊनसुद्धा पेंगत होतं. तातू डोळे मिटून गाऱ्हाण्यात. आणि माझं लक्ष गेलं. शेंदराची खपली पडली होती. खाली चार, पुढे सात.

"तातू, अहो, दोन वर्षं ज्याच्याकडे मागताय, तोच तो!"

मला हसू आवरेना. तातू हसले नाहीत. शेंदूर खरवडायला सुरी काढली, परत ठेवली. दगडाच्या अलीकडे हळूच बसले.

"शेवंतीचं कुळार पलतडी," म्हणाले. "रस्ता झाला नि पायवाट बुजली, फातराक शेंदूर लागला, जागा वळखूक येईना. माहेराहून परतायची त्या दिवशी मी उंडे घेऊन हांगा, सत्तेचाळीसाकडे थांबायचो. ती त्या बाजूला, मी ह्या. खाऊन मग घर."

तातूंच्या बायकोला, शेवंतीकाकींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

तातूंनी दुसरा उंडो काढून दगडाच्या पलीकडे ठेवला. "म्हाका तिची खूब याद येता रे."

वही उघडलीच नाही. ऊन कललं तसा मी म्हणालो, "चला तातू, उशीर होतोय."

"थांब मरे," ते पलीकडच्या उतारावर बघत म्हणाले, "तिका चढ चढूंक वेळ लागता."

मीही खाली बसलो.