प्रश्न असन तं हजर!

आमच्या ढोके सरांच्या वर्गात 'हजर सर' म्हटलं की गैरहजेरी लागायची. नाव पुकारलं की उठून एक प्रश्न विचारायचा, मगच हजेरी. "वर्गात तं पालबी रोज येते गा," ते म्हणायचे, "प्रश्न असन तं माणूस हजर!"

मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायची. भिंतीतून सगळं ऐकू यायचं. "सर, वजाबाकीत शेजाऱ्याकडून दहा घेतो, ते वापस काहून नाही करत?" वर्ग खिदळायचा, सर मात्र गंभीर. उत्तर सुचलं नाही तर म्हणायचे, "बाप्पा! याचं उत्तर उद्या." आणि दुसऱ्या दिवशी आणायचेच. एकदा तापानं फणफणलेले आले. "पोट्ट्यानं विचारून ठेवलं मॅडम, झोप कशी लागन?" त्यांच्या या हजेरीपायी माझ्या कवितांचं वाटोळं व्हायचं. पण लग्नसराईतसुद्धा त्यांचा वर्ग भरलेला आणि माझा अर्धा रिकामा, हे मला मेलं बघवत नसे.

अडलं होतं ते एका पायलपाशी. कन्हानहून येणारी ही मुलगी तोंडच उघडायची नाही. "बोल वं बाई, काहीबी विचार." ती मान खाली घालून उभी. सर तिची हजेरी पेन्सिलीनं लावायचे. निवृत्ती जवळ आली तसे कासावीस झाले. "ही पोट्टी एक डाव बोलली पाहिजे मॅडम. नाही तं मी शिकवलं काय?"

शेवटच्या दिवशी मी माझा वर्ग गप्प बसवून कान देऊन होते. पायलचं नाव आलं. मग बारीक आवाज आला, "सर, तुमी डबा एकटेच काहून खाता?"

बायको वारल्यापासून तीन वर्षं हा माणूस सुट्टीत रिकाम्या वर्गात बसून जेवत होता. स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जण. एकानंही विचारलं नव्हतं.

सर म्हणाले, "पायल हजर." मग म्हणाले, "याचं उत्तर उद्या."

उद्या कुठला? संध्याकाळी शाल-श्रीफळ देऊन आम्ही त्यांना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर डबा घेऊन स्टाफरूमच्या दारात हजर. मी पायलला बोलावलं.

"माह्या हातची भाजी रोज करपते वं," सर तिला म्हणाले, "चारचौघांत डबा उघडाची लाज वाटे."

पायलनं नीट ऐकून घेतलं. "मंग आज कोणासंग खाता, सर?"

मी लगबगीनं खुर्ची ओढली. पण सर तिच्यामागून पोरांच्या पंगतीकडे निघालेसुद्धा.